पकडली गेली तरच बोलायचं

३ मार्च, सोमवार

डॉक्टरांनी सांगितलंय, बोलायचं नाही. कुजबुजायचंही नाही, कुजबुजणं म्हणे बोलण्यापेक्षा वाईट. खाकरायचं नाही, गुणगुणायचं नाही, फोनवर ‘हं’सुद्धा म्हणायचं नाही. श्वास घेतला तर चालेल का, असं मी खुणेने विचारलं. ते हसले नाहीत.

स्वरयंत्रावर गाठ होती, ती शुक्रवारी काढली. तपासायला पाठवली आहे. कसली गाठ ते रिपोर्ट आल्यावर कळेल.

मी गाडी शिकवते, वीसेक वर्षं झाली. शिकणाऱ्याच्या शेजारच्या सीटवर बसते. माझ्या पायाखाली वेगळा ब्रेक असतो, वेगळा क्लच असतो, पण खरं सांगायचं तर गाडी थांबते ती माझ्या तोंडाने. लोक मला ब्रेकबाई म्हणतात. आता त्या तोंडालाच ब्रेक लागला. हे असते तर म्हणाले असते, चला, एकदाची घरात शांतता आली.

चिरंजीवांनी बोलण्यासाठी पाटी आणून दिली आणि सूनबाईने ही डायरी. म्हणाली, “आई, जे बोलायचं असेल ते इथे बोला.” मुलगी तशी बरी आहे. एका वास्तुविशारदाकडे नकाशे काढते. पण बोलते इतकं कमी, की लग्नाला सहा वर्षं झाली तरी तिच्या मनात काय चालतं याचा मला पत्ता लागलेला नाही. घरात बोलायचं खातं माझ्याकडे होतं. आता दोघीही गप्प, तर दिवसभर फक्त फ्रिजचा आवाज.

५ मार्च, बुधवार

ड्रायव्हिंग स्कूलच्या मालकांचा फोन आला. चिरंजीवांनी घेतला. माझ्या गाडीवर एक नवा माणूस ठेवलाय, तात्पुरता. मी पाटीवर लिहिलं, ‘त्याला सांगा, क्लच जरा कडक आहे.’ खरं तर लिहायचं होतं, माझी गाडी कुणाला देऊ नका.

गाठ वाईट निघाली तर काय काय काढून टाकतात ते दुपारी मोबाइलवर वाचलं. वाचायला नको होतं. आवाज गेला तर मी काय करणार? शेजारच्या सीटवर बसून मुकाट्याने ब्रेक दाबत राहणार? शिकणाऱ्याला कळणारसुद्धा नाही की त्याचं काय चुकलं.

६ मार्च, गुरुवार

रिपोर्ट नाही.

७ मार्च, शुक्रवार

सूनबाई संध्याकाळी समोर येऊन बसली. म्हणाली, “आई, माझी एक अडचण आहे. तुमची मदत लागेल.”

तिचा तो शनिवारचा खेळ. जेवणाच्या टेबलावर चौकटीचा कागद पसरायचा, त्यावर किल्ले-भुयारं काढायची, आणि मग मोठी माणसं राक्षस मारत बसतात. सगळी गोष्ट सूनबाई चालवते. एरवी दहा शब्द न बोलणारी मुलगी त्या टेबलावर राजा होते, भूत होते, पहारेकरी होते. मी आपली चहाचा ट्रे ठेवायची, “मेला का रे राक्षस?” विचारायची आणि परत यायची.

त्यांचा चौथा गडी म्हणे बदली होऊन गेला. चौघांशिवाय खेळ होत नाही आणि नेमका निंजा हवाय. मी लिहिलं, ‘मला काय येतंय त्यातलं?’

“निंजाला बोलावं लागत नाही,” ती म्हणाली.

आता कुणाची अडचण असेल तर मी नाही म्हणणारी बाई नव्हे. शिवाय घरात बसून मोबाइलवर नको ते वाचण्यापेक्षा हे बरं. उपकार म्हणून एक शनिवार बसेन.

८ मार्च, शनिवार

बसले. सविस्तर लिहिते, कारण डोकं अजून त्या किल्ल्यातच आहे.

प्रत्येकाने एक पात्र घ्यायचं. लढवय्या, जादूगार, चोर, वैद्य, निंजा, असे प्रकार आहेत. त्यांना ते क्लास म्हणतात. मी आधी समजले शिकवणी लावायची आहे. आपण काय करणार ते सांगायचं आणि वीस बाजूंचा फासा टाकायचा. आकडा मोठा आला तर जमलं, लहान आला तर फजिती.

कोपऱ्यावरचा औषधवाला जादूगार आहे. दिवसभर गोळ्या मोजतो आणि शनिवारी आगीचे गोळे फेकतो. कुलूपवाला लढवय्या आहे. आयुष्यभर लोकांची दारं नाजूकपणे उघडली, इथे येऊन लाथ घालून तोडतो. हा माझ्याकडे गाडी शिकलाय. तीनदा नापास. चौथ्यांदा परीक्षा घेणाऱ्याला दया आली.

माझी निंजा भिंत चढते, छपरावरून चालते, धुराचा गोळा फोडून पसार होते. सूनबाईने नियम समजावले. निंजा बोलली की दिसली. लिहायचंही नाही, निंजा मागे पुरावा ठेवत नाही. म्हणजे पाटी बाहेर. जे सांगायचं ते हाताच्या खुणांनी. पकडली गेली तरच तोंड उघडायचं, तेही एकच वाक्य, पहारेकऱ्याने विचारलेल्याचं उत्तर.

आणि सगळ्यात छळणारा नियम म्हणजे माझा लपण्याचा फासा मी टाकायचा नाही. सूनबाई टाकणार, पुठ्ठ्याच्या आडोशामागे. आकडा मला दिसणार नाही. मी खुणेने विचारलं, हे काय नवीन? ती म्हणाली, “आपण दिसतोय की नाही हे निंजाला कुठे माहीत असतं, आई? लपलोय असं समजून पाऊल टाकायचं.”

बोलायला सोपं आहे.

तर काम असं. किल्ल्याच्या तळघरात एक म्हातारा स्वयंपाकी कोंडलाय. राजावर झालेल्या विषप्रयोगाचा उतारा फक्त त्याला येतो. त्याला सोडवायचा. मी पहिली भिंत चढले. आडोशामागे फासा खडखडला. सूनबाईने वाकून पाहिलं आणि म्हणाली, “लपलात.” इतका जीव भांड्यात पडला की काय सांगू. दोन तास रिपोर्टची आठवणसुद्धा झाली नाही.

१२ मार्च, बुधवार

रिपोर्ट नाही. चिरंजीवांनी स्पीकरवर दवाखान्यात फोन लावला की तीच मुलगी उचलते आणि गोड आवाजात ‘अजून नाही आला’ म्हणते. तिच्या आवाजाचा हेवा वाटला.

सूनबाईने दिलेली निंजाची माहिती पुन्हा वाचली. दुसऱ्या पातळीला वेषांतर मिळतं. मी ठरवून टाकलं, काळे कपडे नकोत. माझी निंजा होणार झाडूवाली म्हातारी. हातात झाडू असलेल्या म्हातारीकडे कोण बघतंय? कुठल्याही कचेरीत बिनधास्त आत जाता येतं. सूनबाईला पाटीवर सांगितलं तर तिने माझ्याकडे टक लावून पाहिलं आणि म्हणाली, “हे मला सुचलं नसतं.” मग उठून माझ्यासाठी कोमट पाणी घेऊन आली. पाणी मी मागितलं नव्हतं.

१५ मार्च, शनिवार

आज आमचा पार बोऱ्या वाजला, आणि त्याला कारण कुलूपवाला.

खुणा कुठल्या करायच्या हा प्रश्न होता. मी म्हटलं (म्हणजे खुणेने म्हटलं), नवीन कशाला शोधायच्या? गाडीतून हात बाहेर काढून करायचे इशारे मी जन्मभर शिकवत आले. हात सरळ वर, तळवा पुढे: थांबा. हात आडवा, तळवा खाली, वर-खाली: हळू. हात मागून पुढे झुलवला: मागच्याने पुढे जावं. गोल फिरवला: डावीकडे वळतेय. सगळ्यांना पटलं. औषधवाल्याने कागदावर चित्रं काढून घेतली.

तळघराच्या जिन्यात मला सापळ्याची दोरी दिसली. मी हात आडवा करून वर-खाली हलवला. हळू. जगातला सर्वात सोपा इशारा. कुलूपवाल्याने तो पुढे जाण्याचा समजून आरोळी ठोकली आणि सरळ दोरीवर धावत गेला. वरून जाळं, खालून खड्डा. जादूगारही त्याच्यामागून गेला. याच इशाऱ्याला हा तीनदा नापास झाला होता.

तोंडाशी शब्द आला होता. अगदी ओठापर्यंत. समोर सूनबाईने शांतपणे हात वर केला, तळवा पुढे. मी थांबले. कुलूपवाला म्हणाला, “बाई, तुम्ही ओरडत नाही म्हणून माझ्या लक्षात येत नाही हो. तुमचा आवाज असता तर मी जागच्या जागी थांबलो असतो.”

असं बोलून गेला आणि मग त्याचं त्यालाच कसंतरी झालं. सगळे आपापल्या कपात बघायला लागले.

मी मात्र एकटीच जिन्यावर उरले. चार पहारेकरी बाजूने गेले, चार वेळा फासा पडला, चारही वेळा “लपलात.” दोघांना जाळ्यातून मीच काढलं. गंमत आहे, या वयात मला एखाद्या गोष्टीत गती आहे असं दिसतंय.

१८ मार्च, मंगळवार

रिपोर्ट आला आणि आला नाही. गाठीचा तुकडा म्हणे ‘स्पष्ट सांगता येत नाही’ अशातला. आता तो मोठ्या प्रयोगशाळेत पाठवलाय, दुसऱ्या तज्ज्ञाला दाखवायला. तोपर्यंत आणि नंतर घसा पुन्हा तपासेपर्यंत तोंड बंदच.

चिरंजीव फोन ठेवून माझ्याकडे न बघता म्हणाला, “काही नसतं गं आई, ही पद्धतच असते.” मला खोटं बोललेलं कळतं. लायसन मिळाल्यावर ‘आता मी हळूच चालवेन’ म्हणणारे हजार चेहरे बघितलेत मी. असा संताप आला की तोंड उघडलंच होतं. स्वयंपाकघराच्या दारात सूनबाई उभी होती, हात पिठाने भरलेले. तिने हात वर केला. तळवा पुढे.

मी थांबले, आणि मग बाथरूममध्ये नळ सोडून रडले. आवाज न करता रडणं फार अवघड असतं. घशाला ताण बसू नये म्हणून तेही धड करता येईना. बाहेर आले तर दाराशी स्टूल टाकून ती बसलेली. मीही शेजारी खाली टेकले. बराच वेळ आम्ही दोघी तशाच बसून राहिलो आणि चपात्या गार झाल्या.

मला भीती वाटते. हे कुणालाच सांगितलं नव्हतं, म्हणून इथे लिहून ठेवते.

२२ मार्च, शनिवार

आज टेबलावर भांडण, आणि चक्क माझ्यावरून. औषधवाला छापील पुस्तक घेऊन आला. त्याचं म्हणणं, निंजा हा वेगळा क्लासच नको. चोराला काळे कपडे घातले की झाला निंजा, उगाच दुप्पट लाड कशाला? कुलूपवाला म्हणाला, चोर पैशासाठी शिरतो आणि निंजा हुकमासाठी, फरक नाही का? मी दोघांना हाताने हळू, हळू करत बसले. माझं मत विचाराल तर फरक भीतीत आहे. चोराला पळून जायची मुभा असते. निंजाला भीती वाटली तरी भिंतीला चिकटून थांबायचं असतं.

मग औषधवाल्याने पान उघडलं. “आणि हे बघा, निंजाने बोलायचं नाही असं इथे कुठेही लिहिलेलं नाही. निंजा चांगला घडाघडा बोलतो. पकडल्यावर एकच वाक्य, हे तर कुठेच नाही.”

सूनबाई म्हणाली, “ही आमच्या घरची रीत आहे.”

मला आता कळलं. पोरीने नियम नीट वाचलेलेच नाहीत. पाककृतीसुद्धा ती अशीच अर्धी वाचते. पण चारचौघांत कशाला बोला, म्हणून मी गप्प राहिले. तशीही राहिलेच असते.

औषधवाला तेवढ्यावर थांबेना. म्हणाला, “बरं, पण यांचा फासा? तीन शनिवार झाले, एकदाही सापडल्या नाहीत. हिशोबाने निदान सहा-सात वेळा तरी—” बोलता बोलता त्याने सूनबाईकडे पाहिलं, मग माझ्या घशाला गुंडाळलेल्या रुमालाकडे पाहिलं. चष्मा काढला, पुसला आणि पुस्तक पिशवीत टाकलं. “असतं एकेकाचं नशीब,” म्हणाला. बिचाऱ्याचं गणित कच्चं असावं. औषधाच्या दुकानात हे बरं नव्हे.

निघताना मी कुलूपवाल्याला पाटीवर विचारलं, तुमचा तो चौथा गडी कसा आहे, बदलीच्या ठिकाणी रुळला का? तो म्हणाला, “कोण चौथा? आम्ही पहिल्यापासून तिघंच.” याची स्मरणशक्ती अशीच. क्लच कुठला आणि ब्रेक कुठला हेही याला रोज नव्याने सांगावं लागायचं.

आजही लपले. स्वयंपाक्याच्या कोठडीच्या दारापर्यंत पोचले आहे.

२५ मार्च, मंगळवार

काही नाही. झाडूवाली म्हातारी होऊन घर झाडलं.

२८ मार्च, शुक्रवार

नाही. गाठ वाईट नाही. साधी आहे, ओरडून ओरडून झालेली. दोन्ही तज्ज्ञांनी तसंच लिहिलंय. डॉक्टरांनी नळी घालून घसाही पाहिला, जखम भरून आलीय. उद्यापासून थोडं थोडं बोलायचं, हळू आवाजात, दिवसाला मोजकी वाक्यं. पुढच्या महिन्यात गाडीवर जायला हरकत नाही, पण ओरडणं कायमचं बंद. गाडीत माइक लावा, म्हणाले. मी त्यांच्या टेबलावरची टाचणी उचलून परत ठेवली. हातांना काय करावं ते सुचेना.

चिरंजीव गाडीत बसला, चावी लावली आणि स्टिअरिंगवर डोकं टेकवून रडला. मोठा बाप्या माणूस. मी पाठीवर हात फिरवत राहिले. मग त्याने घरापर्यंत अख्खा रस्ता दुसऱ्या गिअरमध्ये काढला. इंजिन बिचारं कण्हत होतं, मागचे हॉर्न देत होते. मी पायाने एकदाही खोटा ब्रेक दाबला नाही. चालव बाबा, कसाही चालव.

सूनबाईने दारातच विचारलं, “काय?” मी दोन्ही अंगठे वर केले. ती “बरं” म्हणाली आणि आत गेली. थोड्या वेळाने आतून भांडी घासल्याचा आवाज यायला लागला. भांडी तर दुपारीच घासून झाली होती.

हलकं वाटतंय. इतके दिवस छातीवर कुणीतरी बसलं होतं, ते उठून गेलं.

२९ मार्च, शनिवार

सकाळी उठले आणि बोलले नाही.

बोलायची मुभा होती. दूधवाला आला, मी मान हलवली. चिरंजीव मागे लागला, “आई, बोल ना काहीतरी. निदान मला नावाने हाक मार.” मी तळवा दाखवून त्याला थांबवलं. त्याला वाटलं मी भाव खातेय. खरं कारण इथे लिहिते: तोंड उघडलं आणि आवाजच आला नाही तर? किंवा भलत्याच कुणाचा आला तर? रिपोर्टमध्ये काही लिहिलेलं असो, तोंड बंद होतं तोवर माझा जुना आवाज आत शाबूत होता. दुपारपर्यंत मी रिकाम्या पाटीशी चाळा करत बसले.

मग खेळाची वेळ झाली. सूनबाईला मी सकाळपासून काहीच बोलले नाही हे दिसत होतं, पण तिने एका शब्दाने विचारलं नाही. कागद पसरला, आडोसा उभा केला.

कोठडीचं दार. कुलूपवाल्याने आयुष्यात पहिल्यांदा लाथ न घालता कुलूप उघडलं. मी झाडू घेऊन पुढे गेले. आडोशामागे फासा खडखडला. सूनबाईने वाकून पाहिलं. जरा जास्तच वेळ पाहिलं. मग म्हणाली, “पकडलात, आई.”

एकेकाचं नशीब म्हणतात ते असं असतं. अख्खा महिना हाताला न लागलेली निंजा, आणि वाईट आकडा पडावा तो नेमका आज. कुलूपवाला उठून आडोशामागे डोकावला. “अहो, पण हा तर एकोणीस—” एवढंच म्हणाला आणि कळवळला. औषधवाल्याने टेबलाखाली त्याचा पाय चेपला असावा. एकोणीस काय, ते त्याने सांगितलं नाही. माणूस वाक्यं पुरी करत नाही.

सूनबाई उभी राहिली. आता ती पहारेकरी होती. आवाज जाड केला, कमरेवर हात ठेवले.

“ए, कोण आहेस तू? कुणाची माणूस तू? बोल.”

सहा वर्षांत ती मला पहिल्यांदा अरे-तुरे करत होती. आणि बघत होती ती पहारेकऱ्यासारखं नाही. दोन्ही हात कमरेवरून सुटून टेबलाच्या कडेला घट्ट धरलेले. तेव्हा मला कळलं की माझा आवाज येतो की नाही याची भीती या घरात माझ्या एकटीला नाही.

नियमाप्रमाणे एकच वाक्य. मी तोंड उघडलं.

“तुझी,” मी म्हटलं.

खरखरीत आला, पहिल्या गिअरमधून दुसऱ्यात जाताना येतो तसा. पण आला. माझाच आला.

पहारेकऱ्याचा चेहरा एकदम वेडावाकडा झाला. “चहा टाकते,” असं काहीतरी पुटपुटत पहारेकरी स्वयंपाकघरात निघून गेला आणि आतून नाक शिंकरल्याचा आवाज आला. चिरंजीव तिच्या मागे गेला. कुलूपवाला छताकडे बघत बसला.

थोड्या वेळाने औषधवाला हळूच म्हणाला, “बाई, पहारेकरी जागेवर नाही. दार उघडं आहे. निंजाला पळून जायची आयती संधी आहे.”

मी हात वर केला, तळवा पुढे, आणि तिथेच बसून राहिले.